चांगुणामावशीचं वायरलेस

घरून काम करणारं पहिलं माणूस मी पाहिलं ते माझ्या ऑफिसातलं नव्हे. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता, ईमेलचा पत्ता नव्हता आणि "तुमचा आवाज येत नाहीये" हे वाक्य तिला आयुष्यात कोणी ऐकवलं नव्हतं. चांगुणामावशीचा आवाज येत नाही असं म्हणायची सोय दर्यावरसुद्धा नव्हती, मग गावात कुठून असणार!

मावशी आता नाही. गेल्या वर्षी गेली. पण अजून ऑफिसात कोणी कौतुकानं म्हणालं, "घरून काम ही काय नवीन क्रांती झाली नाही?" की मला गडग्यापलीकडची ती खिडकी दिसते, आणि खिडकीत क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला काळा डबा.

मुरुडच्या अलीकडे समुद्राला चिकटून माझ्या बायकोचं माहेर आहे. सासरे शिक्षक होते. ते आणि सासूबाई गेल्यापासून घर बंदच असायचं. करोनातल्या घरबंदीच्या वर्षी मी, बायको आणि मुलगी चार दिवस मोकळी हवा खायला म्हणून तिथे गेलो आणि कंपनीनं परत बोलवीपर्यंत तिथेच राहिलो. माझं काम म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्या नम्रपणे दुसऱ्या कोणाकडे तरी ढकलायच्या. हे कुठूनही करता येतं. फक्त रेंज लागते. ती त्या घरात एकाच जागी यायची: पडवीच्या टोकाला, जिथे आमचा दगडी गडगा मावशीच्या भिंतीला जवळजवळ टेकतो. तिथे मी टेबल मांडलं. मान उचलली की समोर मावशीची खिडकी, दोन हातांवर.

पहिल्याच सकाळी मीटिंग. महिन्याचं काय झालं, साहेब एकेकाला विचारत होते. माझी पाळी आली. मी घसा खाकरला, आणि माझ्या जागी खिडकीतून एक फाटका, खरखरीत आवाज बोलला, "काय नाय गावला, मावशी. मोकलेच येताव."

सगळी मीटिंग हसली. साहेबसुद्धा हसले, ही त्यातली वाईट गोष्ट, कारण माझा आकडाही साधारण तेवढाच होता.

तो आवाज होता "आईची माया" नावाच्या होडीच्या तांडेलाचा. मावशीच्या घरात मच्छीमार सोसायटीचं वायरलेस होतं. जेवणाच्या डब्याएवढा सेट, पिळाच्या वायरीचा माइक, खाली ट्रकची बॅटरी आणि माडाला बांधलेली एरियल. किनाऱ्यापासून लांब मोबाइल मुका होतो, म्हणून गावच्या सगळ्या होड्या या सेटवर बोलायच्या. कोणाला बर्फ हवा, कोणाचं डिझेल संपत आलं, वारा कुठून सुटलाय, कोणाच्या बायकोला दिवस भरलेत, सगळं मावशीकडे यायचं आणि मावशीकडून जायचं. ती पूर्वी मुरुडच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. नवरा, धर्मा नाखवा, स्वतःची होडी हाकायचा. एके दिवशी दर्यात जाळं ओढताना त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. होडी विकली. नाखव्याला एकटं टाकून बाजारात जाणं मावशीला जमेना, तेव्हा सोसायटीनं सेट तिच्या घरी आणून ठेवला. "डोक्यावरची पाटी उतरली नि हातात माइक आयला," असं ती सांगायची. घरून काम म्हणजे काय, हे मला कंपनीच्या पानभर सूचना वाचून कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं. ती घरून काम करत होती, कारण तिच्या घरात सोडून जाता येणार नाही असं माणूस होतं.

मावशीची कामावर बसायची एक रीत होती. अंघोळ, घट्ट कासोटा मारलेलं धुवट लुगडं, अंबाड्यावर वेणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मग माइकला हात. इकडे मी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली चौकड्याची लुंगी अशा दुहेरी पोशाखात. तिनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा गडग्यावरून वाकून खात्री करून घेतली.

"जावई, अर्धाच मानूस कामाव गेलाय का?"

(बायकोच्या गावात मला नाव नाही. लहानथोर सगळे मला जावईच म्हणतात, आणि दर्यावरचे खलाशी "जावय".)

"मावशी, टेबलाखालचं दिसत नाही कोणाला."

"मना तं कोनच बगत नाय. नख बी दिसत नाय कोनाला. मी तशीच बसू?"

मी दुसऱ्या दिवसापासून पँट घालायला लागलो. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी उकाडा होता.

मावशीत दोष नव्हते असं कोणी सांगू लागलं तर तो माणूस तिला भेटलेला नाही. ती भोचक होती. हुकूम सोडायची. कोणाशीही बोलताना मधेच "बोल, बोल, ऐकतंय" म्हणून समोरच्याची धांदल उडवायची. आणि तिच्या जवळ गुपित नावाची वस्तू टिकत नसे. यात तिचा पुरता दोष नाही. तिच्या सेटवर एकच वाट होती, एक बोलला की सगळ्या होड्या ऐकायच्या. त्यामुळे माइकमध्ये बोललेलं ते सगळ्या गावाचं, हा तिचा साधा हिशोब होता. माझ्यासमोरही माइक होता. मग माझं बोलणं तरी खाजगी कसं?

एकदा साहेबांनी मला चांगलंच झापलं. एक तक्रार मी ज्याच्याकडे ढकलली होती त्यानं ती नम्रपणे माझ्याकडेच ढकलली होती. मी "हो सर, चुकलं सर" करत अर्धा तास काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलो तर होड्या लागत होत्या. "जलराणी"चा तांडेल काशिनाथ गुडघाभर पाण्यातून माझ्याकडे चालत आला. त्यानं माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"जावय, टेन्शन नको घेव. साहेब लोकांचा तोंडच तसा असतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"मावशीनं. सकालच्या हजेरीला. वारा सांगला, बर्फाचा सांगला, मंग तुझा सांगला."

मागून एका खलाशानं मांदेल्यांची पिशवी माझ्या हातात दिली. दुसरा म्हणाला, साहेबाचा पत्ता दे, आपण जाऊन येऊ. त्या दिवशी आमच्याकडे मांदेल्या तळल्या आणि बायको म्हणाली, "अजून एकदा चुका. सुरमई मिळेल."

मी मावशीवर चिडून गेलो. "मावशी, हे ऑफिसचं बोलणं होतं!"

"मंग? मी पन हापिसातच बोलली," ती म्हणाली. "तुझ्या त्या मीटिंगीत तुला कोन सांगला का, टेन्शन नको घेव म्हनून?"

कोणीच सांगितलं नव्हतं. पण हे तिला कशाला कळवा? सकाळपर्यंत तेही दर्यावर गेलं असतं.

सेटच्या शेजारी नाखव्याची खाट होती. नाखवा दिवसभर छताकडे बघत पडलेला असायचा. काळा, रुंद, मोठ्या हाडाचा माणूस. वाळूत ओढून ठेवलेल्या होडीसारखा. सकाळी मावशी हजेरी सुरू करायची, एकेका होडीचं नाव घ्यायची, आणि नाखव्याची डावी मूठ वळायची. एक होडी बोलली, दुसरी बोलली, तिसरी. मूठ तशीच. शेवटच्या होडीनं "हाय, मावशी, हाय" म्हटलं की मूठ हळूहळू उघडायची. मग मावशी त्या उघड्या हातात चहाचा कप द्यायची. त्याआधी चहा देऊन उपयोग नसे; मूठ उघडणारच नाही. हे रोजचं होतं. नाखव्याची होडी विकली गेली होती, पण त्या सेटमुळे तो अजून सगळ्यांबरोबर दर्यावर जात होता.

एके सकाळी "जलराणी" बोललीच नाही.

मावशीनं परत हाक मारली. "जलराणी, जलराणी, मावशी बोलतंय." नुसती खरखर. तिनं बाकीच्या होड्या उरकल्या आणि पुन्हा "जलराणी" घेतली. आवाज तोच, ना वर ना खाली, जशी काही पहिल्यांदाच हाक मारतेय. काशिनाथची बायको सुनंदा दारात आली, हातात कळशी, पाण्याला निघाल्याचं निमित्त.

"मावशी, काय म्हंतान आमचे?"

"झोपलाय तुझा नवरा. घरात घोरतंय तसा तिथं बी घोरतंय. जा, पानी भर."

सुनंदा गेली. मावशीनं माइक उचलला. चहा निवला, त्यावर साय धरली. इकडे माझी मीटिंग चालू होती. मला कोणीतरी दोनदा काहीतरी विचारलं. मी ऐकलंच नाही. सगळं लक्ष खिडकीत, त्या मुठीवर. दुपार चढायला आली तेव्हा दुसऱ्या एका होडीनं कळवलं: "जलराणी"ची बॅटरी बसली होती, माणसं सगळी धड आहेत, आम्ही बांधून आणतोय. नाखव्याची मूठ उघडली. मावशीनं निवलेला चहा फेकला, नवा टाकला, कप त्याच्या हातात दिला. मगच तिनं माइक पुन्हा धरला आणि बॅटरी न तपासता दर्यात गेल्याबद्दल काशिनाथचा जो उद्धार केला तो साऱ्या होड्यांनी मन लावून ऐकला. त्याची स्वतःची बॅटरी बसलेली, त्यामुळे ऐकू गेला नाही तो फक्त त्यालाच. संध्याकाळी तो किनाऱ्याला लागला तेव्हा प्रत्येकानं त्याला आपापल्या वाट्याचा ऐकवला.

मग ती गडग्याशी आली.

"जावई, तुझ्या हापिसात कोन बोलला नाय तं काय करतान?"

"मीटिंग पुढे जाते, मावशी."

"आनि तो मानूस?"

"त्याला ईमेल जातो."

  मावशी एवढंच म्हणाली, "चहा पितस का?"

पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीनं जेटीवर नवी खोली बांधली. अनुदान आलं होतं. लोखंडी उंच मनोरा, मोठा सेट, दूरवर पोचणारा. चेअरमन भास्कर म्हणजे नाखव्याचा चुलतपुतण्या. त्यानंच येऊन सांगितलं की आता परवाना नव्या जागेचा. पावसाळ्यात मासेमारी बंद होईल तेव्हा हा जुना सेट जमा करायचा आणि होड्या पुन्हा निघतील तेव्हा नवा चालू.

मावशीनं भांडण न काढता त्याच्यापुढे चहा ठेवला. हे भास्करलाही विचित्र वाटलं असावं. तो चहा अर्धा टाकून गेला.

तिच्या भीतीचं कारण मला माहीत होतं. त्याच्या थोडं आधी सेट बिघडून दुरुस्तीला अलिबागला गेला होता. ते दिवस हजेरी नव्हती. पहिल्या दिवशी नाखव्यानं सेटच्या मोकळ्या जागेकडे पाहत वाट बघितली. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं. मावशी कप घेऊन उभी राहायची, बोटं सोडवून पाहायची. ती सुटत नसत. जेवणही दोन घासांवर आलं. सेट परत आला, पहिली होडी बोलली, तेव्हा त्यानं मान फिरवली. म्हणून जेटीवरचा मनोरा रोज थोडा थोडा चढताना मावशी बघायची ती मनोरा बघतेय असं वाटत नसे.

"मशीन गेला तं जाऊ दे," ती एकदा बायकोला म्हणाली. "मी काय, परत पाटी घेईन. पन हे परत भिंतीकडं तोंड करतील, त्याचा काय करू?"

मला अशा वेळी उत्साह येतो. उत्साह आला की मी स्लाइड तयार करतो. सोसायटीची सभा मंदिराच्या मंडपात होती. मी भास्करकडून बोलायची परवानगी मिळवली आणि "घरून कामाचे फायदे" असं सादरीकरण बनवलं. त्यात रंगीत वर्तुळं होती. एका स्लाइडवर एक हसतमुख बाई स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलेली होती, ती आमच्यापैकी कोणाच्याही नात्यातली दिसत नव्हती. मुलीनं विचारलं, "बाबा, हे कोळीवाड्यात दाखवणार?" मी तिला गप्प केलं.

मी उभा राहिलो आणि वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी मी मावशीची री ओढत नेहमी तपासायचो, फक्त त्या दिवशी नाही. मग तोंडी बोललो. बोलताना माझ्या तोंडून "उत्पादकता" आणि "लवचीक वेळ" असे शब्द गेले. कोळणी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मागून काशिनाथ ओरडला, "जावय, टेन्शन नको घेव!"

भास्कर चांगला माणूस होता. तो म्हणाला, "जावय, सेट घरात ठेवायला आमची काय ना नाय. पन कागुद तसा हाय. परवाना जेटीचा." मग मावशीकडे वळला. "काकी, तू ये ना तिकडं. तुझ्याशिवाय बोलनार कोन? खुर्ची हाय, पंखा हाय. काका... म्हंजे, कोन तरी बगंल त्यांना."

"कोन बगंल?" मावशीनं विचारलं.

 बघायला दहा घरं तयार झाली असती. पण मावशी ते विचारत नव्हती, हे सगळ्यांना समजत होतं. मूठ कोण उघडणार?

मावशी उठली. पदर खोचला. मला वाटलं आता भास्करचा काशिनाथ होणार. तिनं एवढंच विचारलं,

"तुझ्या हापिसाचा दार केवढा हाय?"

"दार?"

"रुंदीला. एक फली का दोन?"

"दोन फली, काकी. फर्निचर जायला पायजे म्हनून."

"मंग झाला," असं म्हणून ती घरी गेली. भास्कर माझ्याकडे बघत राहिला आणि मी लॅपटॉप मिटला.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघायच्या आदल्या सकाळी आमच्या गल्लीतून एक मिरवणूक गेली. पुढे मावशी, कमरेवर स्टोव्ह, हातात डब्याचा पेटारा. मागे चार खलाशांच्या खांद्यावर नाखव्याची खाट, खाटेवर नाखवा, उशाशी त्याचा तांब्या. त्यांच्या मागे सुनंदा गोधडी आणि कळशी घेऊन, आणि सर्वांत शेवटी मी, मावशीचा आरसा घेऊन, कारण मला त्याहून नाजूक किंवा त्याहून जड असं काही द्यायला कोणी तयार नव्हतं. घरात काम ठेवता येत नसेल तर कामात घर ठेवायचं, असा तो साधा मार्ग होता. जेटीवर भास्कर किल्ली घेऊन उभा होता. खाट बघून त्यानं दोन्ही फळ्या उघडल्या, तरी एक पाया अडकला. मग त्यानं स्वतः वाकून तो उचलला.

"काकी, हे हापिस हाय, राह्याची जागा नाय," तो पाया धरल्या धरल्या म्हणाला.

"तुला कोन सांगला आम्ही राहनार म्हनून? रात्री घरी, दिवसा ड्युटीवर. दोघंबी."

तेव्हापासून रोज सकाळी दर्यावर न निघालेले चार हात खाट न्यायचे आणि संध्याकाळी आणायचे. पाळ्या कोणी लावल्या नव्हत्या. पुढे पुढे चाकं लावलेली खुर्ची आली, पण नाखव्याला खाटेचीच सवय होती आणि खलाशांनाही. त्या खोलीला समुद्राकडे मोठी खिडकी होती. आजारी पडल्यापासून नाखव्यानं होड्या ऐकल्या होत्या. आता त्याला त्या दिसू लागल्या.

आमच्या घरात मात्र शांतता झाली. माझ्या मीटिंगमध्ये आता वारा, बर्फ, डिझेल यातलं काही ऐकू येईना. एका सहकाऱ्यानं तर विचारलं, "तुमच्याकडचा तो रेडिओ बंद झाला का? बरं वाटायचं हो." मी अधूनमधून खिडकीकडे मान उचलायचो. तिथे क्रोशाचा रुमाल तेवढा घडी करून ठेवला होता.

मग कंपनीनं परत बोलावलं. घरून काम फार झालं, आता समोरासमोर भेटल्यानं आपुलकी वाढते, असा मजकूर होता. सामान बांधलं. मुरुडच्या एस्टीला जायला रिक्षा सांगितली आणि जाताना वाट वाकडी करून जेटीवर उतरलो, मावशीचा निरोप घ्यायला.

खोलीच्या दारावर "नियंत्रण कक्ष" अशी पाटी होती आणि कठड्यावर लुगडं वाळत होतं. आत चहाचा वास. मावशी फिरत्या खुर्चीवर मांडी घालून बसली होती, लुगडं घट्ट, वेणी ताजी, एक हात माइकवर. खिडकीशी नाखवा उशीला टेकून अर्धवट बसलेला. लांबच्या एका होडीचा आवाज येत होता, आणि तो आवाज काही घाईत नव्हता.

"मावशी, निघालो आम्ही," बायको म्हणाली.

मावशीनं मागे न बघता तळवा वर केला. थांबा.

आम्ही उंबऱ्यात थांबलो. होडीवरचा माणूस सांगत होता, वारा पडलाय, पाणी एकदम संथ आहे, काल मुलानं पहिल्यांदा स्वतः जाळं टाकलं, थोडंसं वाकडं टाकलं, पण टाकलं. मावशी "बोल, बोल" म्हणत होती. नाखवा मान पुढे काढून पाण्यावर ती होडी शोधत होता. रस्त्यावर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. परत दिला.

"एस्टी चुकेल हां," बायको कुजबुजली.

मावशीनं वळून हॉर्नच्या दिशेनं डोळे वटारले. तळवा तसाच वर होता.

मी हातातली बॅग खाली ठेवली.